थंड प्लाझ्मा आणि कर्कपेशी: किती सिद्ध, किती बाकी

२००७ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ग्रेगरी फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर काही सेकंद प्लाझ्मा धरला. पेशी जळाल्या नाहीत, भाजल्या नाहीत. लगेच पाहिले तर त्यांतल्या बहुतेक ठीकच दिसत होत्या. पुढच्या एक-दोन दिवसांत मात्र त्या स्वतःहून मरू लागल्या. शरीरातली निकामी पेशी ज्या नेमून दिलेल्या क्रमाने स्वतःला संपवते, त्याच क्रमाने, म्हणजे अपॉप्टोसिसने.

कर्कपेशीचा मूळ दोष असा की ती मरायचे विसरलेली असते. तिला मरणाची आठवण करून देणारे, शिवाय हाताला कोमट लागणारे साधन मिळाले, तेव्हा संशोधक त्यामागे लागले यात नवल नाही. तेव्हापासून मेंदू, स्तन, स्वादुपिंड, आतडे, फुप्फुस, अंडाशय, तोंड, रक्त अशा कितीतरी कर्करोगांच्या पेशींवर थंड प्लाझ्माचे प्रयोग झाले आणि बशीत त्या बहुतेक मेल्या. या सगळ्या कामाचा आढावा घेताना तीन प्रश्न विचारायला हवेत. पेशी नक्की कशाने मरते? निरोगी पेशी खरोखर वाचते का? आणि माणसावर वापरल्यावर हाती काय आले?

गरम इलेक्ट्रॉन, थंड वायू

प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि इलेक्ट्रॉन, आयन व विद्युतभार नसलेले कण यांचे मिश्रण तयार होते. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये निर्वात नळीतल्या या अवस्थेचे वर्णन केले आणि १९२८ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर यांनी तिला आजचे नाव दिले. रक्तातल्या प्लाझ्माशी किंवा कोविडच्या काळात गाजलेल्या प्लाझ्मा थेरपीशी तिचा संबंध नाही.

आकाशातली वीज किंवा वेल्डिंगची ठिणगी हाही प्लाझ्माच, पण तो भाजतो. थंड प्लाझ्मात विद्युतदाब इतक्या झपाट्याने बदलत ठेवतात की हलके इलेक्ट्रॉन तेवढे ऊर्जा खेचून घेतात. जड अणूंना तापायला अवधीच मिळत नाही. इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या पुढे जाते, तरी एकूण वायू ४० अंश सेल्सिअसच्या आत राहतो. पोटाच्या दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवण्यासाठी गेली तीनेक दशके वापरात असलेले आर्गॉन प्लाझ्मा कोॲग्युलेशन हे भाजण्याचेच तंत्र आहे. या लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे.

उपकरणे मुख्यतः दोन घडणींची. पहिल्या घडणीत दोन विद्युताग्रांमध्ये काच किंवा सिरॅमिकसारखा विद्युतरोधक पडदा असतो. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन तयार करण्यासाठी हीच रचना वापरली होती. ड्रेक्सेलच्या उपकरणात दुसऱ्या विद्युताग्राची जागा रुग्णाचे शरीरच घेते. दुसऱ्या घडणीत हेलियम किंवा आर्गॉन वायू बारीक नळीतून सोडतात आणि टोकाशी बोटभर लांबीची निळसर-जांभळी ज्योत दिसते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथे एव्हा स्टॉफेल्स यांनी प्लाझ्मा सुई बनवली, व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात मुनीर लारुसी यांनी प्लाझ्मा पेन्सिल बनवली. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या लायब्नित्स प्लाझ्मा संशोधन संस्थेत विकसित झालेल्या ‘किनपेन मेड’ या आर्गॉनच्या उपकरणाला २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून युरोपीय मान्यता मिळाली. ती मान्यता जखमा आणि त्वचेच्या संसर्गासाठी होती, कर्करोगासाठी नव्हे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

पेशी मारते ते रसायन

ज्योत हवेला भिडते तेव्हा हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन आणि ओलावा यांची मोडतोड होऊन अतिक्रियाशील रेणू तयार होतात: हायड्रॉक्सिल मूलक, अणुरूप ऑक्सिजन, सिंगलेट ऑक्सिजन, ओझोन, नायट्रिक ऑक्साइड. पेशींभोवतीच्या द्रवात शिरल्यावर त्यांतले बरेच क्षणार्धात संपतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट असे टिकाऊ रेणू मागे उरतात. ज्योतीबरोबर थोडे अतिनील किरण आणि विद्युतक्षेत्रही येते. यांतले मारेकरी कोण, हे संशोधकांनी सरळ प्रयोगाने तपासले. पेशींना आधी एन-ॲसिटिल सिस्टीनसारखे ऑक्सिडीकरणविरोधी औषध दिले, किंवा द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटलेज हे विकर मिसळले, की प्लाझ्माचा परिणाम पुष्कळ कमी होतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे क्रियाशील रेणू हेच मुख्य कर्ते, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. विद्युतक्षेत्र त्यांना हातभार लावते.

पेशीच्या आत नंतर काय घडते, याचा क्रमही बराच स्पष्ट झाला आहे. आवरणातल्या स्निग्ध रेणूंचे ऑक्सिडीकरण होते. ग्लुटाथायोन हा पेशीचा संरक्षक साठा आटतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावरचा विद्युतदाब ढासळतो. डीएनएचे दोन्ही धागे जागोजाग तुटतात. विभाजनाच्या तयारीतली पेशी मध्येच थबकते आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की अपॉप्टोसिस सुरू होतो. मात्रा फार वाढवली तर पेशी फुटून मरते आणि आजूबाजूच्या ऊतींना सूज आणते. जपानमधल्या नागोया विद्यापीठात शिन्या तोयोकुनी यांच्या गटाने तिसरा मार्गही दाखवला: लोह भरपूर असलेल्या कर्कपेशींमध्ये प्लाझ्मामुळे लोहाधारित मृत्यू, म्हणजे फेरॉप्टोसिस, घडतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशी या मार्गाने मरू शकतात, म्हणून ही नोंद मोलाची आहे.

कर्कपेशीच का?

२०११ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल कीडार यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्कपेशी आणि निरोगी श्वासनलिकेच्या पेशी यांना सारखीच मात्रा दिली. कर्कपेशी मेल्या, निरोगी पेशी बऱ्याच अंशी तगल्या. या निवडक मारामुळे थंड प्लाझ्माभोवती सर्वात मोठी आशा उभी राहिली. केमोथेरपीने केस गळालेला, तोंड सोललेला, रक्तपेशी घसरलेला रुग्ण ज्या घरात आहे, त्या घराला ‘निरोगी पेशी वाचतात’ या तीन शब्दांचे मोल सांगावे लागत नाही. म्हणूनच तो दावा नीट तपासून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

त्यामागे चार स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले ऑक्सिडीकरणाच्या ताणाचे. कर्कपेशीचा चयापचय वेगवान असतो, तिच्यात क्रियाशील ऑक्सिजनचे प्रमाण आधीच जास्त असते. काठोकाठ भरलेल्या हंड्यात एक तांब्या ओतला तरी पाणी सांडते, अर्ध्या हंड्यात ते सामावते. बाहेरून आलेली तेवढीच भर कर्कपेशीला असह्य होते आणि निरोगी पेशीला पेलते.

दुसरे स्पष्टीकरण ॲक्वापोरिनचे. पेशीच्या आवरणावरची ही प्रथिनांची दारे पाण्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडलाही आत सोडतात आणि अनेक कर्कपेशींवर ती जास्त असतात. तिसरे कोलेस्टेरॉलचे. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात ॲनेमी बोगार्ट्स यांच्या गटाने संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून दाखवले, की ऑक्सिडीकरण झालेल्या आवरणात छिद्रे पडतात आणि कोलेस्टेरॉल भरपूर असले तर ती पडत नाहीत. अनेक कर्कपेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी असते. चौथे स्पष्टीकरण जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गेओर्ग बाउअर यांचे. कर्कपेशी स्वतःच्याच क्रियाशील ऑक्सिजनपासून बचाव करण्यासाठी आवरणावर कॅटलेज बाळगते. प्लाझ्मातून निघालेला सिंगलेट ऑक्सिजन ते निकामी करतो आणि मग पेशी स्वतःच्याच रसायनांना बळी पडते.

चारही स्पष्टीकरणे पटण्याजोगी आहेत आणि एकमेकांना छेद देत नाहीत. तरीही निवडक मार हा प्लाझ्माचा अंगभूत गुण आहे असे म्हणता येत नाही. बशीतल्या पेशी ज्या द्रवात वाढतात, त्याच्यावर निकाल फार अवलंबून असतो. काही द्रवांत पायरुव्हेट असते आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइड गिळून टाकते. रक्तद्रवाचे प्रमाण बदलले तरी फरक पडतो. अनेक प्रयोगांत कर्कपेशी एका द्रवात आणि निरोगी पेशी दुसऱ्या द्रवात वाढवलेल्या होत्या. मग वाचवले ते पेशीने की द्रवाने, हे सांगणार कसे? अँटवर्पमधल्याच अभ्यासाने हा दोष नेमका दाखवून दिला. द्रव सारखा ठेवला, ऊतीचा उगम सारखा ठेवला, की निवडीतला फरक पुष्कळदा आक्रसतो. सगळे कर्करोगही सारखे हळवे नसतात. काही पेशी निरोगी पेशींइतक्याच चिवट निघतात. म्हणून योग्य विधान एवढेच: ठरावीक मात्रेत, ठरावीक पेशींवर, थंड प्लाझ्मा कर्कपेशींना जास्त इजा करतो.

ज्योतीऐवजी द्रव

शरीराच्या आत, पोटाच्या पोकळीत पसरलेल्या कर्करोगापर्यंत ज्योत पोचणे अवघड. नागोया विद्यापीठातल्या हिरोमासा तानाका आणि मासारू होरी यांच्या गटाने यावर वेगळी वाट काढली. आधी द्रवावर प्लाझ्मा सोडायचा आणि मग तो द्रव पेशींवर घालायचा. २०११ मध्ये त्यांनी या प्लाझ्माप्रक्रिया केलेल्या द्रवाने ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या पेशी मरतात असे दाखवले. पुढे त्यांनी रिंगर्स लॅक्टेट, म्हणजे सलाइनसारखा शिरेतून नेहमी दिला जाणारा द्रव, तसाच तयार केला. प्राण्यांच्या पोटातल्या गाठींवर त्याचा परिणाम दिसला आहे. अडचण टिकाऊपणाची आणि प्रमाणाची आहे. असा द्रव ठेवल्यावर त्याची शक्ती उतरत जाते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व नायट्राइट हाताने मिसळून मिळणाऱ्या परिणामापेक्षा तो किती सरस, हा वाद अजून मिटलेला नाही.

उंदरांतले पुरावे

कीडार यांच्या २०११ च्या कामात उंदरांच्या त्वचेखाली वाढवलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या गाठींवर त्वचेवरूनच दोन मिनिटे प्लाझ्मा दिला. सुमारे पाच मिलिमीटरच्या गाठी नाहीशा झाल्या. त्याहून मोठ्या गाठी लहान झाल्या, पण आठवडाभरात पुन्हा वाढू लागल्या. फ्रान्समधल्या ऑर्लेआँ इथल्या गटाने ग्लायोब्लास्टोमा वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. गाठीचा आकार घटला आणि उंदीर जास्त काळ जगले.

यात एक कोडे आहे. प्लाझ्मातले रेणू ऊतीत फार खोल जात नाहीत, बरेचसे वरच्या थरातच संपतात. मग त्वचेखालची गाठ कशी घटते? उत्तराचा मोठा भाग बहुधा रोगप्रतिकारशक्तीत आहे, आणि या विषयातले सर्वात आशादायक काम मला इथे दिसते. विशिष्ट प्रकारे मरणारी पेशी मरताना शरीराला खुणा देते. कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन ती पृष्ठभागावर आणते, एटीपी आणि एचएमजीबी-१ हे रेणू बाहेर सोडते. या खुणा ओळखून संरक्षक पेशी तिचे तुकडे उचलतात आणि टी-पेशींना शत्रूची ओळख पटवतात. अब्राहम लिन, वंदना मिलर आणि जर्मनीतले झांडर बेकेशुस यांच्या कामातून प्लाझ्मा असा मृत्यू घडवू शकतो असे पुढे आले. प्लाझ्माने मारलेल्या कर्कपेशी उंदरांना लसीसारख्या टोचल्यावर नंतर सोडलेल्या जिवंत कर्कपेशींविरुद्ध त्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले.

२०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने पोकळ सूक्ष्म सुयांची पट्टी मेलानोमाच्या गाठीवर लावली, तिच्यातून प्लाझ्मा आत सोडला आणि त्याच सुयांतून प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारे अँटी-पीडी-एल१ औषधही दिले. उपचार केलेली गाठ घटलीच, पण उंदराच्या अंगावरची दुसरी, हात न लावलेली गाठही मंदावली. हे माणसात खरे ठरले तर प्लाझ्मा स्थानिक साधन राहूनही शरीरभराच्या उपचाराचा भाग होऊ शकेल. अजून ते माणसात दिसलेले नाही.

माणसांतले पुरावे: मोजके, पण खरे

ग्राइफ्सवाल्डमध्ये हान्स-रॉबर्ट मेटेलमन यांच्या गटाने घशाच्या पुढारलेल्या कर्करोगाचे सहा रुग्ण घेतले. या सर्वांना संसर्ग झालेले उघडे व्रण होते आणि बरे होण्याची आशा उरलेली नव्हती. आठवड्यात तीन वेळा किनपेनची ज्योत व्रणावर फिरवायची, मग आठवडाभर थांबायचे, असा क्रम ठेवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्रणाची दुर्गंधी कमी झाली, वेदनाशामकांची गरज घटली आणि रुग्ण माणसांत मिसळू लागले. दोन रुग्णांत गाठ अंशतः मागे हटली आणि ती स्थिती निदान नऊ महिने टिकली. त्या ठिकाणच्या तुकड्यांत अपॉप्टोसिसने मरणाऱ्या कर्कपेशी दिसल्या. रुग्ण फक्त सहा, तुलनेचा गट नाही. त्यामुळे यावरून ‘कर्करोग बरा होतो’ असे म्हणता येत नाही. पण दुर्गंधी आणि वेदना कमी होणे हा लाभ छोटा मानण्याचे कारण नाही.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा. जेरोम कॅनडी यांच्या हेलियम प्लाझ्मा उपकरणाला अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याच्या चाचणीची परवानगी दिली. मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या काळात शिकागोचे रश विद्यापीठ आणि इस्राएलमधले शेबा वैद्यकीय केंद्र इथे चौथ्या टप्प्यातल्या किंवा उलटलेल्या गाठींच्या २० रुग्णांवर ती झाली. सर्जनने गाठ काढायची आणि उरलेल्या कडांवर प्लाझ्मा फिरवायचा, अशी पद्धत. या टप्प्याचा मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि उपकरणामुळे गंभीर अपाय झाल्याची नोंद नाही. परिणामकारकतेबद्दल मात्र इतक्या वेगवेगळ्या कर्करोगांच्या, तुलनेचा गट नसलेल्या २० रुग्णांवरून निकाल देता येत नाही. तिसरी दिशा कर्करोगाच्या आधीच्या अवस्थांची आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांवर आणि अमेरिकेत उन्हाने होणाऱ्या ॲक्टिनिक केराटोसिसवर छोटे अभ्यास झाले आहेत. व्रण वरवरचा आणि डोळ्यांना दिसणारा असतो, म्हणून ही जागा प्लाझ्माला सोयीची आहे.

अडून बसलेले प्रश्न

पहिला प्रश्न मात्रेचा. औषध मिलिग्रॅममध्ये मोजतात, किरणोपचार ग्रे या एककात. प्लाझ्माला असे सर्वमान्य एकक नाही. ‘एक मिनिट प्लाझ्मा’ या शब्दांना वायू, दाब, अंतर, हवेतली आर्द्रता सांगितल्याशिवाय अर्थ नाही. जर्मनीने २०१४ मध्ये वैद्यकीय प्लाझ्मा उपकरणांची तुलना करण्यासाठी ‘डिन स्पेक ९१३१५’ ही मोजमापाची चौकट आणली. तशी चौकट सगळीकडे पाळली गेली तर दोन प्रयोगशाळांचे निकाल शेजारी ठेवता येतील.

दुसरा प्रश्न कमी मात्रेचा. हाच प्लाझ्मा कमी मात्रेत जखम भरून आणतो, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देतो. गाठीच्या कडेला, जिथे मात्रा अपुरी पोचते तिथे, उरलेल्या कर्कपेशींना हीच चालना मिळणार नाही ना? जखमांवर प्लाझ्मा दिलेल्या उंदरांवर वर्षभर नजर ठेवलेल्या जर्मन अभ्यासात नव्या गाठी आढळल्या नाहीत, ही दिलाशाची बाब. पण ते उंदीर कर्करोगाचे नव्हते. तिसरा प्रश्न खोलीचा. मोठ्या, खोलवरच्या गाठीवर वरून ज्योत फिरवून ती संपणार नाही, आणि पोकळीत वायू सोडताना त्याचे स्वतःचे धोकेही असतात.

आपल्या दृष्टीने

ग्राइफ्सवाल्डच्या त्या सहा रुग्णांचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला ओळखीचे काही आठवावे. तंबाखू, मशेरी आणि गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वात जास्त आढळतो. ‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे देशात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, तरी उशिरा येणाऱ्या रुग्णांची रांग सरलेली नाही. गालाला भोक पडलेला, वास येणारा व्रण घेऊन माणूस घराच्या एका खोलीत एकटा पडतो, नातवंडे जवळ येत नाहीत, हे दुःख आपल्याकडे हजारो घरांत आहे. अशा व्रणावर आज मेट्रोनिडाझोल आणि नियमित ड्रेसिंग हा आधार आहे. त्याच्या जोडीला थंड प्लाझ्मा दिल्याने दुर्गंधी, वेदना आणि रक्तस्राव किती कमी होतो, हे नियंत्रण गटासह तपासण्याजोगी जागा भारताइतकी क्वचितच कुठे असेल. रुग्ण इथे आहेत, डोके-मान कर्करोगाचा प्रदीर्घ अनुभव असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय इथे आहे, आणि प्लाझ्मावर काम करणारी राष्ट्रीय संस्था गांधीनगरला आहे. भौतिकशास्त्रज्ञ, सर्जन आणि उपशामक उपचार करणारे डॉक्टर एका चाचणीसाठी एकत्र आले, तर जगाला न मिळालेले उत्तर इथून मिळू शकते.

एकूण निकाल असा. थंड प्लाझ्मा कर्कपेशी मारतो, हे सिद्ध आहे. तो निरोगी पेशींना वाचवतो, हे अटींसह खरे आहे. प्रतिकारशक्ती जागवतो, याचे पुरावे उंदरांपुरते आहेत. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो, हे कुठेही सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या कडा, उघडे व्रण आणि कर्करोगपूर्व वरवरचे बदल या तीन जागी त्याला भविष्य आहे, आणि तेही इतर उपचारांच्या जोडीने.

रुग्ण आणि नातेवाइकांना कळकळीने एवढेच सांगणे आहे: प्लाझ्माने कर्करोग बरा करतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी थांबवू नका. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी चाचणीत सामील व्हायला सांगितले, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक मागा. खरी चाचणी तो क्रमांक आनंदाने देते आणि रुग्णाकडून प्रयोगाचे पैसे घेत नाही.